उजव्या खिळ्यावरचा गोल

थांबा, मैदानाकडे नंतर बघा, आधी इकडे बघा. मी गोलफलक बोलतोय. टेकडीवरच्या शाळेच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला दोन खांबांवर उभा आहे, तो मीच. तुम्ही सामना बघायला आलाय, ठाऊक आहे, पण मला आज अगदी राहवत नाहीये.

जन्माने मी वर्गातला फळा. पाढे आणि नकाशे अंगावर झेलून झाले, मग एका सुताराने मला कापलं, हिरवा रंग दिला आणि दोन खिळे ठोकले. डावा यजमानांचा, उजवा पाहुण्यांचा. आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या त्यांवर टांगायच्या. आमच्या शालेय लीगचा रिवाज असा, की फलक पाहुण्या शाळेच्या शिक्षकांनी सांभाळायचा. यजमानांनी लबाडी केली असं नंतर कुणी म्हणायला नको.

सुरुवातीला दोन्ही खिळ्यांना उसंत नसे. मग टेकडीवरच्या शाळेने वसतिगृह बांधलं आणि इतर शाळांमधल्या चांगल्या खेळाडू मुली एकेक करून उचलल्या. गिरणीमागच्या शाळेची भिंगरी तशीच आली. वाऱ्यासारखी पळणारी पोर, पण इथे आल्यावर नुसती बाकावर बसून राहिली, कारण तिच्यासारख्या दहा जणी आधीच होत्या. तिची थोरली बहीण गिरणीमागच्या संघाची गोलरक्षक. तिला सगळे तायडी म्हणत. तायडीने भिंगरीशी बोलणंच टाकलं.

पुढे काय विचारता? आठ शून्य, नऊ शून्य. डावा खिळा झिजला आणि उजव्या खिळ्यावरचं शून्य गंजून चिकटलं. लोक मध्यंतरातच घरी जायचे. टेकडीची गोलरक्षक गोलपोस्टला टेकून जांभया द्यायची, कारण चेंडू तिच्याकडे फिरकायचाच नाही. जिंकणाऱ्यांचा खेळसुद्धा सडत चालला होता, आणि मला त्याची चीड यायची.

शेवटी टेकडीचा संघ बाहेरच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात सपाटून हरला. त्यांचे सर लीगच्या समितीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोरींना मागे पडल्यावर खेळायचं कसं हेच येत नाही. शिकवणार कोण? इथे समोर कुणी उरलंय का?" समितीने नियम केला की ज्या भागात घर, त्याच भागातल्या शाळेकडून खेळायचं. मात्र त्याच बैठकीत गिरणीमागच्या संघाला तंबीही मिळाली. गेल्या हंगामात त्यांना एकही गुण नव्हता. या हंगामातही नसला तर संघ लीगमधून बाद.

भिंगरी परत गेली, पण संघ काही लगेच जुळला नाही. एकेका गोलने हरत त्या शेवटच्या सामन्याला इथे माझ्यासमोर आल्या. निदान बरोबरी तरी हवीच होती. फलकावर त्यांच्याच शाळेच्या चित्रकलेच्या बाई होत्या.

खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. बाई चष्मा पुसत होत्या, तेवढ्यात मैदानात आरडाओरडा झाला. बाईंनी मान वर न करताच एकची पाटी उचलली आणि डाव्या खिळ्यावर टांगली. मी मनातल्या मनात किंचाळत होतो, पण फळ्याचं कोण ऐकतो?

भिंगरी धापा टाकत माझ्यापाशी आली. "बाई, तो आपला गोल आहे."

"अगं बाई!" बाईंनी जीभ चावली. "हात आपोआप तिकडेच गेला गं."

मग उजवं शून्य निघेना. बाईंनी पायातली चप्पल काढून ठोकलं, तेव्हा ते खणकन खाली पडलं. हसू की रडू, असं मला झालं.

आणि मग टेकडीच्या पोरी खेळायला लागल्या. काय ते पास, काय ती धावाधाव! एवढी वर्षं त्यांना बघतोय, पण असा खेळ त्यांच्या पायात होता हे मलाच माहीत नव्हतं. त्यांनी झकास गोल करून बरोबरी साधली. एकही माणूस घरी गेला नाही.

अगदी शेवटी टेकडीचा जोरदार फटका आला. तायडीने झेप घेऊन तो अडवला, पण चेंडू हातातून सुटला आणि ती आडवी पडली. चेंडू गोलरेषेकडे घरंगळत निघाला. समोरच्या गोलपाशी असायला हवी होती ती भिंगरी कुठून कशी आली कोण जाणे, पण तिने रेषेवरून तो उडवून लावला. शिट्टी वाजली.

"गोल करायचे सोडून इथे कशाला तडमडलीस?" तायडी पडल्या पडल्या म्हणाली.

"तू पडली होतीस म्हणून."

तायडीने उठायला हात पुढे केला. भिंगरीने तो धरला, आणि उठल्यावरही तायडीने सोडला नाही.

संघ लीगमध्ये राहिला. आज नव्या हंगामात त्याच दोन शाळा पुन्हा समोरासमोर आहेत. माझा रंग उडालाय, एका खांबाला वाळवी लागली आहे, विजेवर चालणारा फलक आणायचं बोलणंही चाललंय. खुशाल आणा. फक्त नियम मोडू नका, आणि आज शेवटपर्यंत थांबा. कोण जिंकणार ते मला मात्र विचारू नका. पूर्वी मी सामन्याआधीच सांगितलं असतं. आज, शपथ घेऊन सांगतो, मला काहीच माहीत नाही.