मयतीपुरती रजा

"मामा, दार उघाड! माय गयी!"

प्रशीलने पुन्हा थाप मारली. आतून कडी होती. जळगावच्या मेहरूणमधल्या त्या दोन खोल्यांना पुढून एकच खिडकी, गजांची. त्याने पडदा सारून आत पाहिलं. मामा जागाच होता. खुर्चीवर ताठ बसलेला, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. समोर स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता. मामा त्या मोबाईलकडे बघत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते पुसायलाही हात उचलत नव्हता.

"माय गयी, मामा. पहाटलेच. मामी कालपासून फोन लाई राह्यनी, तुन्हा फोन लागत नही. बठ्ठा लोके तुन्ही वाट देखी राह्यनात. लुगडं ले आनि चाल."

मामाने मान न वळवता ओठांतल्या ओठांत म्हटलं, "तू निंघ. माले अटक करेल शे. तुन्हंबी नाव लावतीन."

"कोनी अटक करं? घरमा त कोनी नही!"

तेवढ्यात मोबाईलमधून आवाज आला. "कौन है वहाँ? मैंने बोला था ना, किसी से बात नहीं करनी है?"

मामा खुर्चीवरून उठून उभा राहिला. हात पँटीच्या शिवणीला लावले.

"भाचा आहे, साहेब. त्याचा काही संबंध नाही. बहीण वारली, साहेब."

पुना भिका तायडे जन्मभर कोतवाल होता. एरंडोलकडच्या एका गावात. कोतवाल म्हणजे ज्याला तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कुणीही हाक मारावी आणि त्याने पळावं. बापही तेच करायचा, आजाही. आज्याच्या वेळी ते वतन होतं. वतन गेलं, कायदा आला, मानधन आलं. घरात बुद्धाची मूर्ती आली, पोरगा शिकून पुण्याला नोकरीला गेला. कान मात्र चावडीवरच राहिले. साहेब हाक मारणार, आपण 'हजर' म्हणणार. ते कान कुणी कापून दिले नाहीत आणि कुणी बदलूनही दिले नाहीत.

त्याचं मुख्य काम नोटिसा पोचवायचं. लोक त्याला बघून मागच्या दाराने पळायचे. तो त्यांना समजवायचा, "अरे बाबा, घेतली नाही तरी दारावर चिकटवली की लागू होते. पळून काय होतं? हजर राहा, सुटशील." हेच शहाणपण त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वाटलं.

म्हणून आदल्या दिवशी मोबाईलवर खाकी वर्दीतला माणूस दिसला, "आपके नाम से मुंबई में खाता खुला है, गुन्ह्याचे पैसे फिरलेत," असं हिंदीत-मराठीत म्हणाला आणि अटकेचा कागद पाठवला, तेव्हा पुनाने भाबडेपणाने विश्वास ठेवला नाही. त्याने तो कागद तपासला. बोटांनी मोठा करून तपासला. जावक क्रमांक होता. तारीख होती. गोल शिक्का सहीवर अर्धा चढलेला होता. कचेरीत शिक्का असाच मारतात, सहीच्या बाजूला कोऱ्या जागेत मारत नाहीत. पुनाने असे कागद हजारोंनी पोचवले होते. कागद अस्सल होता. त्या चोरांनी शिक्का कसा मारायचा ते नीट शिकून घेतलं होतं, आणि पुनालाही तेवढंच शिकवलेलं होतं.

फोन केला की आधी सरकारची सूचना वाजते म्हणतात, असल्या फोनपासून सावध राहा म्हणून. वाजत असेल. पण ती फोन करणाऱ्याला ऐकू येते. पुना कुणाला फोन करायचा? मंदाबाई, त्याची बायको, आजारी नणंदेची सेवा करायला नशिराबादला गेलेली. ती तिच्या साध्या डबड्यावरून रोज करायची. पोरगा सणावाराला करायचा. पुनाला फक्त फोन यायचे.

खात्यात जे होतं त्यातलं बरंचसं त्या साहेबाने पहिल्याच दिवशी 'तपासणीसाठी' काढून घेतलं. दिवसाची मर्यादा संपली. उरलेलं दुसऱ्या दिवशी निघणार होतं. तेवढ्या उरलेल्यासाठी त्यांनी म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून ठेवला. फोन चालू ठेवायचा, मधूनमधून हजेरी द्यायची, लघवीलाही विचारून जायचं.

आणि तेवढ्यात शेवंताअक्का गेली.

अक्का त्याच्याहून मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला कडेवर वाढवला. नशिराबादला दिली तेव्हा पुना तिच्या बैलगाडीमागे शिवेपर्यंत पळाला होता. बाई मेली की माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भावाने आणायचं, भावानेच अंगावर घालायचं. अक्काच्या माहेरात आता पुना एकटाच उरला होता.

अंथरुणाला खिळली तशी तीच त्याला म्हणाली होती, "पांढरं लुगडं आतेच लई ठेव. ऐनवख्तले तुन्हा भरोसा नही."

"काहून? मी काय मरी जाऊ का तुन्हा आधी?"

"तू मरस कशाले! तुले साहेब सोडाले पाह्यजे ना. मन्हा नवरा गया तव्हय तू कोठे व्हता? इलेक्शनन्या पेट्या वाही राह्यंता. साहेबनी सोडं, त येजो रे भाऊ." आणि खोकत खोकत हसली होती.

मंदाबाईने बारीक निळ्या काठाचं पांढरं लुगडं आणून ठेवलं. ते समोरच्या कपाटात होतं. खुर्चीवरून दिसत होतं.

"साहेब, मयतीपुरती रजा द्या," पुना मोबाईलला म्हणाला. "नशिराबाद इथून जवळ आहे. लुगडं घालतो आणि परत येऊन याच खुर्चीवर बसतो. लिहून देतो."

पलीकडून आवाज आला, "अर्ज लिखो. कैमरे को दिखाओ."

हे ऐकून खिडकीतला प्रशील ओरडला, "मामा, हाई चोर शे! पोलीस असा नही ऱ्हातस! फोन फोडी टाक तो!"

पुनाने फोन फोडला नाही. साहेबाने अर्ज मागितला होता. अर्ज मागितला म्हणजे रजा मिळणार. त्याने कागद घेतला आणि लिहिलं. महोदय, वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, माझी सख्खी बहीण आज रोजी मयत झाली असून. खाली लिहिलं, आपला आज्ञाधारक. सही केली आणि कागद दोन्ही हातांनी मोबाईलसमोर धरला.

"ठीक है. ऊपर भेजा है. ऑर्डर आएगा, तब तक बैठो."

पलीकडे कुणीतरी हसलं. पुनाने ते ऐकलं. साहेब लोक हसतातच, त्यात त्याला नवीन काही नव्हतं.

प्रशीलने दाराला खांदा लावला. आतून पुना हात जोडून गयावया करू लागला, "नको रे, मन्हा राजा. तुन्ही नोकरी जाई." प्रशील चटईच्या कंपनीत होता, कायम झालेला नव्हता. दार हललं नाही. खिशातला फोन वाजत होता. नशिराबादहून माणसं विचारत होती. जळगावचं मे महिन्याचं ऊन, मयत किती वेळ ठेवणार?

"लुगडं त दे, मामा. खिडकीमाइन दे."

पुनाने कपाटाकडे पाहिलं. मग मोबाईलकडे पाहिलं.

"उठानी परवानगी नही. ऑर्डर ई जाऊ दे. मीच लई येस."

प्रशील गजाला कपाळ टेकवून क्षणभर उभा राहिला. मग थुंकला, आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

मंदाबाईने पिशवीत स्वतःसाठी नेलेलं धुवट पांढरं पातळ नणंदेच्या अंगावर घातलं. बायका कुजबुजल्या, भाऊ जिता असून आला नाही. अक्काला उचलली.

दुपारी खातं रिकामं झालं तसा फोन आपोआप बंद पडला. पुना काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. बंद झाला म्हणजे सुटका झाली असं कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी प्रशील दोन माणसं घेऊन आला, दार तोडलं, तेव्हा पुनाने पहिला प्रश्न विचारला, "ऑर्डर उनी का?"

पोलीस ठाण्यात त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. हवालदार म्हणाला, "काका, डिजिटल अटक असं कायद्यात काही नसतंच. लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० ला फोन करायचा होता. चांगले शिकलेले लोक फसतात, तुमचं काय घेऊन बसलात." त्याने तक्रार लिहून घेतली. माणूस वाईट नव्हता. पण नशिराबादहून आलेली मंदाबाई पदर खोचून म्हणाली, "पैशाचं लिहिलं साहेब, तेवढं बरं केलं. आता लुगड्याचं कुठं लिहिता?"

हवालदाराने पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे तसा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नशिराबादच्या स्मशानात राख सावडायला मोजकी माणसं जमली. पुना लुगडं छातीशी धरून कुंपणाजवळ उभा राहिला. कुणी त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एका पाहुण्याच्या खिशात फोन वाजला आणि पुना दचकून ताठ झाला. हात शिवणीला गेले. लुगडं खाली पडलं.

प्रशीलने ते उचललं. झटकलं. कालपासून तो मामाशी एक शब्द बोलला नव्हता. अस्थींसाठी आणलेलं मडकं त्याने बाजूला सरकवलं आणि तिथेच मातीवर ते लुगडं घडी मोडून पसरलं. निळे काठ उन्हात उघडे झाले.

"येय," तो म्हणाला.

पुना पुढे आला. राखेजवळ उकिडवा बसला. हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मान वर करून त्याने भाच्याकडे पाहिलं.

"हात लाऊ का?"

"तुन्हीच बहीण शे ना, मामा. कोनले इचारस?"

राख अजून कोमट होती. पुनाने ओंजळ भरली आणि अक्काला माहेरच्या लुगड्यात ठेवलं.