एत्तोरेचं सुतक

"माझा पडद्यावरचा शेवटचा म्हातारा तूच बोल, दुसऱ्याला देऊ नकोस." दुभाषी मुलीने हे हिंदीत सांगेपर्यंत एत्तोरेने जतीनचा हात सोडला नव्हता. जतीनने मान हलवून शब्द दिला होता.

त्याला बारा वर्षं झाली. एत्तोरे रोमचा नट. उमेदीची वर्षं त्याने अंधाऱ्या खोलीत माइकपुढे काढली, अमेरिकन घोडेस्वारांना इटालियनमध्ये बोलतं केलं. त्याचं स्वतःचं तोंड पडद्यावर आलं तेव्हा केस पिकले होते. मग त्याच्या फौजदाराच्या मालिका इकडे आल्या आणि डहाणूजवळच्या चिखल्याच्या जतीनच्या गळ्यातून तो हिंदी-मराठी बोलू लागला. सव्वीस वर्षं. घरावर स्लॅब चढला, मुलीचं लग्न झालं, ते त्याच्याच तोंडच्या कमाईवर.

एत्तोरे गेल्याची बातमी वाचली तशी जतीनने डोक्यावरून आंघोळ केली, फोन बंद केला आणि चटईवर बसला. घरचं माणूस गेल्यासारखं सुतक धरलं.

"तो ख्रिस्ती माणूस," अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घालता घालता त्याची बायको देवकी म्हणायची, "आणि दाढी तुम्ही वाढवताय. आळीत हसतात."

"हसू दे गं."

आठव्या दिवशी दुपारी देवकीच्याच फोनवर डबिंगच्या स्टुडिओतली योगिता आली.

"काका, आहात कुठे? एत्तोरेचा शेवटचा सिनेमा आलाय. तुमचा फोन लागेना, म्हणून उद्या अकराला दुसऱ्याला बोलावलंय."

"मला सुतक आहे."

"अगं बाई! कोण गेलं?"

"एत्तोरे."

योगिताने आवाज खाली आणला, "काका, चॅनलला मी काय सांगू? येणार असाल तर संध्याकाळपर्यंत कळवा."

जतीन तसाच बसून राहिला. सुतकात कामाला हात लावायचा नाही. खरं तर त्याला जरा बरंही वाटलं. घसा दोन वर्षांपासून बसलेला, चार वाक्यांत धाप लागायची. बोलू दे दुसऱ्याला. पण हातातला तो हात काही सुटेना.

देवकी सोमवारचा उपास धरून होती. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिने कधी चहाचा घोट घेतला नव्हता. ती शेजारी येऊन टेकली.

"त्याचा दहावा कोण करणार?"

"त्यांच्यात नसतो."

"मग गेलेल्या माणसाचं काम सुतकातही करतात ना? हे त्याचंच आहे."

"घसा बघ माझा."

"म्हाताराच आहे ना सिनेमात? त्याचा काय कोकिळेचा असणार?"

"आणि ही दाढी?"

"आवाजाला कुठे दिसते दाढी?"

आठ दिवसांत पहिल्यांदा जतीन हसला, आणि हसता हसता खोकला. मग त्याने योगिताला फोन लावला.

सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला. देवकीने कोमट पाण्याची बाटली पिशवीत ठेवली. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. तोही काही बोलला नाही. चपला पायात सरकवल्या आणि डहाणू स्टेशनची रिक्षा धरायला रस्त्याकडे चालू लागला.