धरून की सोडून

साठी उलटलेल्या बायकोने आपली चांगली चालती हॅचबॅक गाडी मुद्दाम खाली बसवून घ्यावी, या कृत्याला भाषेत नेमका शब्द नाही, याचे कोशकारांना सकाळपासून वाईट वाटत होते. शब्द असता तर त्यांनी तो पुरेशा तुच्छतेने उच्चारला असता आणि विषय तिथेच मिटला असता. कोशकारांनी उभ्या आयुष्यात रागाने आवाज चढवला नव्हता. आवाज चढवणे ही त्यांच्या मते ज्यांच्यापाशी शब्दांचा तुटवडा असतो अशांची सोय होती. त्यांचा राग तळटीपेत उतरे, बारीक टाइपात, आणि तिथे तो वर्षानुवर्षे टिके.

बाईंनी मात्र हा बेत सकाळी इतक्या सरळपणे सांगितला होता की त्याला तळटीप जोडायला जागाच उरली नाही. बाई म्हणजे शाळेतल्या भूमितीच्या बाई. निवृत्त झाल्यावर आता भजन, बागकाम, गुडघेदुखी अशा क्रमाने त्या शहाण्यासारख्या म्हाताऱ्या होतील, असा घरच्यांचा कयास होता. त्यांनी गाडी चालवायला शिकून सर्वांची निराशा केली.

"आखूड स्प्रिंगा घालायच्या," पावाला लोणी लावता लावता त्या म्हणाल्या होत्या. "गाडी दोन बोटं खाली येते. वजन खाली गेलं की वळणावर झुकत नाही. आणि दिसेलही छान."

"कुणाला दिसेल?"

"मला. दुकानातून पिशव्या घेऊन तिच्याकडे चालत येताना."

कोशकारांना पहिले कारण सहन झाले असते. दुसऱ्याने त्यांचे पित्त खवळले. सौंदर्य ही गोष्ट त्यांना ग्रंथांतून चांगलीच परिचित होती. ती वाहनतळावर भेटावी, हे त्यांना असभ्य वाटले.

तरीही ते गॅरेजवर आले होते. बाई गाडीने आल्या, ते बसने आले. घटस्फोटाच्या तारखेला नवरा-बायको जसे एकाच दारी दोन वाटांनी पोहोचतात तसे. कुणी त्यांना बोलावले नव्हते आणि कुणी येऊ नका असेही म्हटले नव्हते. बाईंनी किल्ली उचलली तेव्हा त्यांनी आपणहून बूट घातले, इतकेच. तिच्या शेजारच्या सीटवर ते धरणाच्या रस्त्यावरच्या त्या दिवसानंतर बसलेच नव्हते.

त्या दिवशीही ते नेहमीप्रमाणे संपूर्ण प्रवासभर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. मोठ्या वळणावर गाडी कलली, खिडकीत एकाएकी आकाशाच्या जागी पाणी आले, आणि ज्या माणसाने गाडीचे स्टिअरिंगही कधी हाती धरले नव्हते त्याने हात टाकून हॅन्डब्रेक ओढला. गाडीचा मागचा भाग भेलकांडत पुढे आला. ती थांबली तेव्हा तिचे नाक कठड्याकडे होते. बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. मग त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, वळवली आणि आधीच्याच वेगाने घरी आणली. एक अक्षर बोलल्या नाहीत. कोशकारही बोलले नाहीत, पण त्यांचे न बोलणे वेगळ्या जातीचे होते.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या मैत्रिणींची सहल निघाली. बाईंनी दारातून विचारले, "तुम्हाला धरू का?" कोशकार मुद्रिते तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मला धरू नकोस."

'धरणे' ही नोंद त्यांनी स्वतः लिहिली होती. पकडणे, थोपवणे, मोजणीत घेणे, मनात बाळगणे, फळ लागणे. एवढे अर्थ त्यांच्या हातांखालून गेले होते, पण बाईंनी त्यातला कोणता उचलला हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि विचारणे त्यांना कमीपणाचे वाटले. त्या दिवसापासून बाईंनी त्यांना धरले नाही.

गॅरेजचा मिस्त्री हा पोटाचा घेर आणि आवाजाची पट्टी दोन्ही बाबतींत सढळ माणूस होता. गाडीचे चाक निघाले होते, जुनी लांब स्प्रिंग दोन शिकंज्यांत आवळून बाहेर काढलेली होती, आणि हे सारे चालू असताना त्याचे तोंडही चालू होते.

"काकू, कॉलेजची पोरं येतात माझ्याकडे गाडी बसवायला. आज बसवतात आणि उद्या गतिरोधकावर रडतात. तुम्ही रडायचं नाही हां."

"मी गतिरोधक तिरका घेते. एकेक चाक."

"तिरका! ऐका काका. घरात पण असंच चालतं का?"

काकांनी ऐकले नाही, निदान तसे दाखवले.

"पुढून जरा जास्त खाली घेऊ," मिस्त्री म्हणाला. "झेप घेतल्यासारखी दिसते. नजर ठरत नाही."

"नको. पुढून-मागून सारखी. आणि खाली आली की चाकं वरच्या अंगाला आत कलतील, ती उभी करून द्या."

"कलू द्या की! कललेली झकास दिसतात."

"झकास दिसतात आणि टायर आतून खातात. उभी करा."

मिस्त्री हसला. ग्राहकाने वाद घातला की त्याला काम गोड लागत असावे. तो गाडीखाली सरकला आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज तिथूनच आला. "काकू, हॅन्डब्रेक धावत्या गाडीत ओढला होता का हो? केबल ताणलीय. आणि मागच्या टायरला बघा, एकाच जागी घासून चट्टा पडलाय."

बाई हातातल्या फडक्याची घडी घालत होत्या.

"तरी म्हटलं!" मिस्त्री डोके बाहेर काढून, मोठ्या समजूतदारपणे म्हणाला. "बायकांचं असंच असतं. पाय घाबरला की हात धावतो. आमची ही पण तशीच. म्हणून मी तिला गाडीला हात लावू देत नाही."

फडक्याची घडी पूर्ण झाली. बाईंनी ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली. हा एवढा अवकाश कोणासाठी सोडलेला आहे, हे ओळखायला कोशाची गरज नव्हती. कोशकारांनी वाक्य जुळवायला घेतले. 'हॅन्डब्रेक ओढला गेला होता.' सभ्य, संयत, आणि कर्ता गायब. नाहीतर 'मी हॅन्डब्रेक ओढला.' यातही क्रियापद ब्रेकच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, ओढणाऱ्याला ते विचारत नाही. भ्याड माणसांची सोय व्याकरणाने किती आधीपासून करून ठेवली आहे, हा विचार त्यांना एरवी लेख लिहिण्याजोगा वाटला असता. तो मनात येईपर्यंत वेळ निघून गेली. ते भिंतीवरच्या टायरांच्या तक्त्याकडे वळले आणि एखादा शिलालेख उलगडावा तशा एकाग्रतेने तो वाचू लागले.

बाईंनी फडका खिडकीत ठेवला.

नव्या स्प्रिंगा बसल्या. त्यांच्या तळाशी आट्यांची एक चकती होती. ती फिरवली की गाडी वर किंवा खाली येई. मिस्त्रीने हात पुसले आणि कोपऱ्यातून वाळूची गोणी ओढत आणली.

"आता सांगा काकू, किती माणसं धरायची? मी रिकाम्या गाडीवर उंची लावत नाही. रोज जितकी माणसं बसतात तितक्या गोण्या सीटवर ठेवायच्या आणि मग चकती फिरवायची. नाहीतर इथे सरळ आणि रस्त्यावर वाकडी."

"एक," बाई म्हणाल्या.

"आणि काका?"

"त्यांना सोडून."

कोशकारांचे तोंड तक्त्याकडून इकडे वळले नाही, पण वाचन थांबले. 'सोडून' या शब्दावर त्यांनी तरुणपणी एक दीर्घ निबंध लिहिला होता आणि विद्वानांनी त्याची वाहवा केली होती. 'वगळून' हा कागदावरचा शब्द, हिशेबी. 'सोडून' तसा नाही. त्याच्या पोटात एक क्रियापद जिवंत असते. 'त्यांना सोडून एक', आणि 'त्यांना सोडून गेली'. ऐकणाऱ्याने पुढचे क्रियापद घालायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता. निष्कर्ष अचूक होता. तो गॅरेजमध्ये उभे राहून ऐकणे किती गार असते, एवढेच त्यात नव्हते.

"बघा हां," मिस्त्री म्हणत होता, "एकावर बसवली आणि शेजारी कुणी बसलं, तर वळणावर टायर चाकावरच्या कमानीला घासेल. मग माझ्या नावानं ओरडू नका."

"घासलं तर बसणारा उतरेल," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कोशकारांना धीर आला असता. बाईंनी जणू पट्टी लावून रेघ मारली होती आणि पेन्सिल खाली ठेवली होती.

मिस्त्रीने गोणी चालकाच्या सीटवर लोटली. शेजारची सीट रिकामीच होती. कोशकारांना तिच्या पुढची, पायांजवळची चटई दिसली. तिच्यावर एका जागी गोल झिजलेला डाग होता, नसलेल्या ब्रेकच्या बरोबर जागी. त्या डागाइतका त्या गाडीवर त्यांचा दुसरा हक्क नव्हता. मिस्त्री चकतीपाशी वाकला. ती फिरली की हे सारे मिलिमीटरमध्ये कायम होणार होते.

"तो ब्रेक मी ओढला होता," कोशकार म्हणाले.

"कुठला?" मिस्त्री वर न बघता म्हणाला.

"तोच. धावत्या गाडीत. शेजारी बसून."

आता मिस्त्रीने पाहिले. "तुम्ही? काका, तुम्हाला गाडी येते?"

"नाही."

"मग ओढलात कशाला?"

कोशकारांपाशी या प्रश्नाची निदान चार उत्तरे होती, आणि चारही वाचनीय होती. "भीती वाटली," ते म्हणाले. मग कुणी विचारले नसताना पुढे म्हणाले, "हिने सावरली. नाहीतर आम्ही पाण्यात होतो."

"अरेच्चा!" मिस्त्रीने चट्टा पडलेल्या टायरकडे, मग काकांकडे आणि शेवटी, जरा कमी आवाजात, काकूंकडे पाहिले. "मग काकू, मघाशी बोलला का नाहीत? मी आपला उगाच..."

"मला कुठे ठाऊक होतं, यांना आठवतंय ते," बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितले नाही. गोणीकडे बघत त्या म्हणाल्या, "मिस्त्री, दुसरी गोणी आहे?"

"आहे, पण फाटलीय. वाळू सांडते गाडीत."

"मग हे बसतील."

"गोणीच्या जागी?"

"वजन साधारण तेवढंच भरेल. अहो, बसा. हलायचं नाही. आणि बोलायचं नाही. गोणी बोलत नाही."

कोशकार बसले. बसताना त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वाकावे लागले. सीट वाटली त्याहून खाली होती आणि शेवटचे दोन बोटांचे अंतर ते चक्क पडले. त्यांनी पट्टा लावला. मग जरा विचार करून दोन्ही तळहात आपल्या मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर वजन टाकून स्वस्थ राहिले. बाहेर चकती फिरत होती. गाडी श्वास सोडावा तशी जराशी खाली आली. शेजारी वाळूची गोणी होती आणि तिचे मौन त्यांच्यापेक्षा सराईत होते.

बाई चालत दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि हातात पिशव्या असल्यासारख्या सावकाश परत आल्या. त्यांनी एक डोळा मिटून चाकाची आणि कमानीची रेघ पाहिली. मग दोन्ही डोळे उघडून नुसतेच पाहिले. आत बसलेल्याला गाडी कशी दिसते ते कळत नाही. कोशकारांना फक्त ती बघणारी बाई दिसत होती, आणि इतक्या वर्षांत तिला काही छान वाटताना आपण किती वेळा बघितले, याची नोंद त्यांच्यापाशी कुठेच नव्हती.

"मग काकू?" मिस्त्री म्हणाला. "शेवटचं सांगा. नक्की किती धरू?"

बाई खिडकीशी आल्या आणि आत वाकल्या. त्यांची नजर नवऱ्याच्या तोंडावरून खाली, हात असायला हवे होते तिथे गेली आणि मांड्यांखालून डोकावणाऱ्या मनगटांवर थांबली.

"दोन धरा," त्या म्हणाल्या.

परतताना गोणी गॅरेजमध्ये राहिली. रस्त्याला लागताच गतिरोधक आला. बाईंनी तो तिरका घेतला, एकेक चाक, आणि गाडीच्या पोटाला कुठेही काही लागले नाही. पुढे वळण आले. गाडी झुकली नाही. कोशकारांचे हात जागचे हलले नाहीत, फक्त पाय सवयीने चटईवरच्या त्या गोल डागावर घट्ट दाबला गेला.

बाईंनी पाहिले.

"पायाचं चालेल," त्या म्हणाल्या.