दिव्याभोवतीचं कडं

"झोप कशी लागते?" डॉक्टरांनी विचारले.

"लागतीय, पण मधीच उठून बसायलीय," जगदेवप्पा म्हणाला.

"घरातली कामं?"

"करायलीय की. पण आता भाकरी करपायल्यात तिच्या हातानं."

शिवलीला शेजारच्या स्टुलावर बसली होती. चौकशी तिची चालली होती आणि डॉक्टर बघत होते नवऱ्याकडे. तिने पदर सावरला आणि मध्येच तोंड उघडले. "साहेब, संध्याकाळी बल्बभोवती कडं दिसायलंय. रंगीत. आन उजव्या भुवईच्या मागं ठणकायलंय."

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी पुन्हा जगदेवप्पालाच विचारले, "रंग दिसतात म्हणतात?"

"त्येच तर सांगायलोय साहेब. जुनं परत वर आलंय."

डॉक्टर वाईट नव्हते. बाहेरच्या बाकांवर माणसे मावत नव्हती, दाराशी दोघे-तिघे आत डोकावत होते. त्यांनी मोठी गोळी वाढवली. मोठ्या गोळीने हात थरथरतात म्हणून सोबत जी छोटी पांढरी गोळी देतात, तीही वाढवली. "महिन्यानं या," ते म्हणाले, तेही जगदेवप्पाला.

'जुनं' म्हणजे लेकीच्या, मल्लेश्वरीच्या, जन्मानंतरचे दिवस. शिवलीला बाळंतपणाला माहेरी, मेहकरला गेली होती. तिथे तिला भिंतीला टेकून उभी असलेली माणसे दिसू लागली. त्यांना तोंडे नव्हती, तरी ती तिला नावाने हाक मारत. घरच्यांनी तिला भूत उतरवणाऱ्या एका देवाच्या ठाण्यावर नेले. मिरचीची धुरी दिली, केस धरून घुमायला लावले, पायात साखळी घातली. घोट्याला जखम होऊन तिच्यात पू झाला, तेव्हा भाऊ बसवप्रभु सगळ्यांशी भांडला आणि तिला बिदरला दवाखान्यात घेऊन आला. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी भिंत नुसती भिंत दिसू लागली. शिवलीलाने लेक पुन्हा मांडीवर घेतली.

तेव्हापासून तिने गोळी चुकवली नव्हती. नौबादच्या घरात पहाटे उठून ती कडक भाकरी थापायची. खानावळीवाले त्या बांधून न्यायचे. लेकीला तिने शिकवले, कलबुर्गीला दिले. पण एक गोष्ट दवाखान्यालाही परत आणता आली नाही. ती रागावली की घरचे विचारायचे, "गोळी घेतलीस का?" नणंदेने न विचारता तिची इरकली साडी नेली, म्हणून ती बोलली, तेव्हाही हेच. तापाने अंग भाजत होते, तेव्हाही आधी हेच.

आणि आता हे कडे. तिने ते नीट तपासून पाहिले होते. उजवा डोळा झाकला की कडे जायचे, डावा झाकला की पुन्हा यायचे. भिंतीला टेकलेली ती माणसे एक डोळा झाकला म्हणून जात नसत. हा भास नव्हे, हे तिला पक्के कळत होते. भास काय असतो ते त्या घरात तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

"आवो, एकाच डोळ्याला दिसायलंय," ती एका संध्याकाळी जगदेवप्पाला म्हणाली. "डोळ्याच्या डाक्टरला दाखवू."

तो गंजातून, धान्याच्या बाजारातून, दमून आला होता. "आत्ताच तर डाक्टरकडं जाऊन आलो. गोळी वाढवली न्हाई का? लागू पडायला टाईम लागतंय."

"डोक्याचा डाक्टर न्हाई, डोळ्याचा म्हणायलेय मी."

"शिवलीला," तो समजूत घालत म्हणाला, "तुला कळंना झालंय. पड जरा."

त्याचा आवाज मऊ होता. ओरडला असता तर तिला भांडता आले असते.

आठवड्याभराने संध्याकाळी ती चुलीपुढेच कोसळली. उजव्या बाजूचे अर्धे डोके फुटत होते. डोळा लालभडक झाला, उलट्या थांबेनात. "डोळा, डोळा," एवढेच ती म्हणत होती. जगदेवप्पा घाबरला. त्याने पलीकडच्या गल्लीतून बहिणीला, निलम्माला, बोलावले. निलम्माने दार लावून घेतले, खिडकीला चादर टांगली, मिरच्या ओवाळल्या.

"बघ, डोळे कसे केल्यात," ती भावाला म्हणाली. "तिच्यात कोण तर बोलायलंय. अंधारात ठेव. उजेड लागू देऊ नको."

दोन दिवस शिवलीला अंधारात होती. गोळ्या मात्र निलम्मा मोजून तोंडात घालत होती. छोटीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी मल्लेश्वरी कलबुर्गीहून आली. तिने आधी चादर ओढून काढली. आईच्या डोळ्यातली बाहुली धुरकट होती, काचेवर वाफ धरावी तशी. मल्लेश्वरीने आईचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि समोर हात धरला.

"अव्वा, किती बोटं?"

"कुटं हायत बोटं?" शिवलीला म्हणाली.

डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान होती. तिने यंत्रात पाहिले, मग आधीच्या चिठ्ठ्या मागवल्या आणि शांतपणे सांगितले. डोळ्यातले पाणी निचरण्याची जागा मुळातच अरुंद होती. छोट्या गोळीने आणि अंधाराने ती बंद झाली, दाब वाढला. उजवा डोळा आता येणार नाही. डावा वाचवता येईल, त्याला आजच लेझर करू.

"छोटी गोळी बंद करा, मी तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. मोठी मात्र आपल्या मनानं सोडू नका," ती म्हणाली. मग तिने विचारले, "दिव्याभोवती रंग दिसत होते?"

"दिवाळीपासनं," शिवलीला म्हणाली.

"मग कुणाला सांगितलं नाही?"

जगदेवप्पाच्या हातात टोपी होती, ती त्याने गुडघ्यावर ठेवली. "सांगायची की," तो म्हणाला. "पण तिचं सांगणं..." मल्लेश्वरी बापाकडे पाहत राहिली. शिवलीलाने पाहिले नाही.

नौबादमध्ये ही गोष्ट वेगळीच होऊन फिरली. डोक्याच्या गोळ्यांनी शिवलीला अक्काचा डोळा गेला. किराणा दुकानात तेच, नळावर तेच. निलम्मा तर सांगायची, "आमी म्हणतच होतो, त्या गोळ्या सोड म्हणून." जगदेवप्पाने तिला एकदाही अडवले नाही. हे ऐकायला त्यालाही बरे वाटत असावे.

चार घरे सोडून लक्ष्मम्मा राहायची. तिची सून मंजुश्री बाळंतपणानंतर हसेनाशी झाली होती, बाळाकडे बघेनाशी झाली होती. तिलाही दवाखान्यातून गोळ्या सुरू होत्या. शिवलीलाचा डोळा गेल्याचे ऐकून लक्ष्मम्माने त्या उकिरड्यावर फेकल्या. अमावास्येला सुनेला ठाण्यावर न्यायचे ठरले.

कळल्याबरोबर शिवलीला उठली आणि भिंतीच्या आधाराने त्यांच्या घरी गेली.

"या अक्का, बसा," लक्ष्मम्माने पाट दिला. "किती सोसलाव तुमी."

"लक्ष्मम्मा, माझा डोळा नुसत्या गोळ्या खाल्ल्यानं गेला न्हाई. मी सांगायलते, कोण ऐकलं न्हाई, म्हणून गेला. पोरीच्या गोळ्या बंद करू नको. डाक्टरला इचार, बदलून घे. पण ठाण्यावर नेऊ नको."

"व्हय व्हय," लक्ष्मम्मा म्हणाली. "तुमी म्हणताव ते बराबरच हाय. चा टाकू का?"

हा सूर शिवलीलाच्या ओळखीचा होता. ती पाटावरच वळली. मंजुश्री उजव्या अंगाला कोपऱ्यात बसली होती; तिला बघायला शिवलीलाला पूर्ण मान फिरवावी लागली.

"तुला काय व्हायलंय, बाळ?"

"तिला काय कळतंय..." लक्ष्मम्मा म्हणाली.

"मी तिला इचारायलेय."

मंजुश्रीने सासूकडे पाहिले. पाळण्यात बाळ रडू लागले होते, तिकडे तिचे लक्ष नव्हते. मग ती म्हणाली, "काय न्हाई अक्का. बरी हाय मी."

शिवलीलाने मान हलवली. ती उठली, उंबऱ्याशी आली आणि पायाने चपला चाचपू लागली. चपला उजवीकडे सरकल्या होत्या, तिला सापडेनात. मंजुश्री आतून उठून आली. ती वाकली, एकेक चप्पल उचलून तिने शिवलीलाच्या डाव्या बाजूला, दिसेल अशी ठेवली, आणि तिच्या पावलावर हात तसाच राहू दिला. लक्ष्मम्मा दारात उभी होती.