गार गाडी

योगिनीने चार्जरची गन गाडीतून उपसून काढली, तिच्या तोंडावर फुंकर मारली आणि पुन्हा खुपसली. फुंकरीने वीज थोडीच पळणार होती. पण हात स्वस्थ बसेनात. पडद्यावर अठरा टक्के दिसत होते. पाच मिनिटांपूर्वी सतरा होते.

बारा वाजून गेले होते. दीडला रत्नागिरीत परीक्षाकेंद्राचं फाटक बंद होणार, आणि ते एकदा बंद झालं की लेकीच्या, सानवीच्या, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला थेट पुढचं वर्ष. संगमेश्वरजवळच्या या हॉटेलापासून केंद्र अजून चाळीस किलोमीटर. निदान तीस टक्के तरी हवेच होते. सानवी मात्र काचा लावून, एसी फुल्ल सोडून मागच्या सीटवर वहीत डोकं घालून बसली होती. काही झालं तरी मान वर करायची नाही, अशी आईची ताकीदच होती तिला.

गाडी योगिनीच्याच हट्टाची. बोटीवरच्या नोकरीवर परत जाताना तिचा नवरा हर्षद म्हणाला होता, "घे बाई. पण उन्हाळ्यात रस्त्यात अडकलीस तर मला फोन करू नकोस." रात्री वीज गेली आणि चार्जिंग सत्तरवर थांबलं, हे खरं. तरी पोफळीहून रत्नागिरी सुखाने गाठायला हवी होती. मग बाकीचं गेलं कुठे? तिला आता रडूच यायला लागलं होतं.

तिचे सासरे धोंडूअप्पा बॉनेटपाशी वाकून आतल्या पंख्याची घरघर ऐकत होते. पोफळीच्या वीजघरात माणसाने तीस वर्षं तासातासाला यंत्रांचं तापमान वहीत उतरवलेलं. रिटायर झाल्यावरही जाता-येता फ्रिजच्या पाठीला हात लावून बघायची खोड काही गेली नव्हती, आणि घरात सगळे त्यावरून त्यांना हसत.

"योगिनी, तो एसी बंद कर."

"अप्पा, पोर उकडून निघेल."

"बॅटरी तापलीय गो. तापली की ती सावकाशच भरून घेणार, नाहीतर खराब व्हायची. तिलाही गार करायचं आणि पोरीलाही, एकटा एसी कुठे कुठे पुरेल? आमच्याकडे बेअरिंग तापलं की आधी लोड उतरवायचे."

सानवी वही घेऊन हॉटेलच्या पडवीत जाऊन बसली. अप्पांनी मालकाकडून ताडपत्री मागून आणली आणि सासरा-सून दोन टोकं धरून, अंतरपाट धरावा तसे, गाडीवर सावली करून उभे राहिले. गल्ल्यावरचा माणूस खुशाल हसत होता. हसू दे मेल्याला, योगिनी मनात म्हणाली. वीस झाले. मग बावीस, पंचवीस. साडेबाराला एकतीस टक्के झाल्यावर त्यांनी गाडी काढली.

"साठच्या वर नको," अप्पा म्हणाले. "आणि काचा उघड्या ठेव."

घामाने निथळत, केस पिंजारलेली सानवी एक वीसला फाटकाशी उतरली आणि मागे वळूनही न बघता आत गेली. योगिनी समोरच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. हुश्श. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून घेतला होता. पाण्याची अख्खी बाटली तिने एका दमात संपवली.

अप्पा शेजारी येऊन बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"नवापासून मीच एसी लावून ठेवला होता," ते म्हणाले. "गाडी अंगणात उन्हात उभी. पोर परीक्षेला निघालीय, बसल्या बसल्या चटके नकोत म्हटलं. दोन तास चालू होता. तुला रस्त्यात सांगायला धीर झाला नाही."

निघायच्या गडबडीत गाडी गार लागली होती, तेही योगिनीच्या ध्यानात आलं नव्हतं. तीस वर्षं तापमान लिहिणाऱ्या माणसाने हे करावं? तिला राग आला, तो चांगला मिनिटभर टिकला. मग हसू यायला लागलं.

तेवढ्यात बोटीवरून हर्षदचा फोन आला.

"पोचलात? की अडकलात रस्त्यात?"

अप्पा घाईघाईने समोरच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचू लागले. योगिनी एसीबद्दल एक वाक्य बोलली असती, तर गाडीही दोषातून सुटली असती आणि तीही.

"अडकलो होतो थोडे," योगिनी म्हणाली. "ऊनच फार होतं रे. अप्पा बरोबर होते म्हणून पोचलो."