कोरी राहिलेली नववी शर्यत

दुसऱ्याच्या चुका काढण्यात टेरी ओक्सला जेवढा आनंद मिळे, तेवढा जेवणातही मिळत नसे. हेझल थर्लबीकडून छायाप्रती काढायला नेलेला जुन्या सामन्याचा छापील प्रोग्रॅम त्याने परत आणून दिला, तोही बोट नेमकं नवव्या शर्यतीवर ठेवून.

"अगं हेझल, ही रांग कोरी कशी? बाकीच्या बारा शर्यती कशा लख्ख भरल्यास! आणि नववीत ना गुण, ना वेळ. तू तर भर पावसातसुद्धा पेन्सिल खाली ठेवायची नाहीस!"

"पोराचा पाय मोडला होता, टेरी. लिहीत कोण बसणार?"

"आम्ही सगळे बसलो होतो की," टेरी म्हणाला. ते खरंच होतं.

इंग्लंडातल्या मार्शवेलच्या माणसांची ही जुनी खोड. बिनब्रेकच्या चार मोटारसायकली लाल मातीवर आडव्या घसरत चार फेऱ्या मारणार, मिनिटभरात सगळं संपणार, आणि लगेच हजारो माना प्रोग्रॅमवर झुकणार. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. दोष ठरवून रेफ्रीने ज्याला बाद केलं त्याच्यापुढे फुली. रांग कोरी ठेवणं म्हणजे सामना पाहिलाच नाही असं कबूल करणं. हेझलच्या कपाटात अकरा हंगामांचे प्रोग्रॅम होते आणि त्या सगळ्यांत मिळून ही एकच रांग कोरी होती.

ट्रॅक केव्हाच गेला होता. त्या जागी आता फर्निचरचं गोदाम होतं. पण ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी जुने प्रेक्षक बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये जमत, हॅमची सँडविचेस खात, आणि टेरी एखादा जुना सामना पुन्हा 'लावत' असे. एके काळी तो मैदानावरचा निवेदक होता. भरलेले आकडे झाकून काढलेल्या प्रोग्रॅमच्या कोऱ्या छायाप्रती सगळ्यांना वाटायच्या, त्याच जुन्या आवाजात एकेक शर्यत पुकारायची, आणि सत्तरीतल्या लोकांनी शाळेतल्या मुलांसारखं मान खाली घालून ती भरायची. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. असेलही.

या वर्षी टेरीने १९७६चा ऑक्टोबरातला शेवटचा सामना निवडला होता. मुद्दामच. केल ब्रॅनिगन ऑस्ट्रेलियाहून येणार होता.

निमित्त पाटीचं होतं. भिंतीवर पडद्याआड एक पितळी पाटी लावली होती: 'रे थर्लबी. अकरा हंगाम. एकदाही बाद नाही.' हेझलचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची मुलगी ज्युली पडद्याची दोरी ओढणार होती. शर्यतीतला रेचा जुना जोडीदार म्हणून टेरीने केलला बोलावलं, आणि केल चक्क आला.

तो दारातून आत शिरला तेव्हा मागच्या टेबलावरून कुणीतरी "हूऽऽ" केलं. पूर्वी पाहुण्या संघाला करायचे तसं, अर्धं गमतीत. पण कुणी हसलं नाही. केल उंच होता, आता थोडा वाकलेला. हातातली टोपी त्याने दुसऱ्या हातात घेतली आणि सरळ हेझलकडे आला.

"रेचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं गं. पत्र मिळालं ना?"

"मिळालं."

त्याची नजर तिच्या हातातल्या प्रोग्रॅमवर गेली. "हा सामना होय. टेरी काही सुधारला नाही म्हणायचा."

"केल, मी आज—"

"तू आज काहीही करणार नाहीस," तो हळूच म्हणाला. "चहा दे. तुमचा चहा अजून तसाच पाणचट आहे का ते बघू दे."

हेझल चहा ओतायला वळली. पुढच्याच टेबलावर नेव्हिल स्टब्ज बसला होता. डावा पाय गुडघ्याखाली नाही. साठ मैल गाडी चालवून आला होता आणि येताक्षणी टेरीला म्हणाला होता, "मला ब्रॅनिगनला एकच गोष्ट तोंडावर विचारायचीय. मग मी जातो."

त्या सामन्यात नेव्हिल एकोणीस वर्षांचा होता, पाहुण्या संघात.

त्या दिवशी दलदलीकडून धुकं चढत होतं. रेफ्री सामना थांबवायच्या बेतात होता, म्हणून सगळे शर्यती उरकत होते. हेल्मेटवर चढवायच्या रंगीत कापडी टोप्या हेझलच्या ताब्यात असत. धुवायची तीच, उसवल्या तर शिवायची तीच, आणि प्रत्येक शर्यतीआधी फाटकाशी उभी राहून स्वारांच्या डोक्यावर चढवायचीही तीच. यजमानांचे लाल आणि निळा, पाहुण्यांचे पांढरा आणि पिवळा. काळ्या चामडी पोशाखातला वळणावरचा स्वार कोण आहे हे त्या रंगावरूनच कळायचं. नवव्या शर्यतीत रे लाल आणि केल निळा. घाईत हेझलने उलटं केलं. लाल केलला, निळी रेला. दोघांची नजर मशीनवर होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिल्या वळणावर निळी टोपी पांढऱ्याच्या आतून घुसली. जागा नव्हती. पांढरा कुंपणाच्या फळ्यांवर गेला. शर्यत थांबवणारा लाल दिवा लागला, माणसं धावली, आणि मग रेफ्रीच्या खोलीवर निळा दिवा पेटला. टेरीचा आवाज घुमला, "निळा बाद! केल ब्रॅनिगन!" आणि धुक्यात हजारो पेन्सिलींनी केलच्या नावापुढे फुली मारली.

रे पिट्समध्ये, स्वारांच्या तळावर, आला तो पांढराफटक पडलेला. "मी होतो तो. इथल्या फोनवरून सांगतो रेफ्रीला." केलने त्याच्या डोक्यावरची निळी टोपी ओढून स्वतःच्या खिशात घातली. "गप बस, गाढवा. पुढच्या आठवड्यात तुझी इंग्लंडच्या संघासाठी चाचणी आहे. वसंतात हेझलशी लग्न. मी दहा दिवसांनी घरी जायला बोटीत बसतोय. एक फुली लागली माझ्या नावावर, त्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

आभाळ डिसेंबरात कोसळलं. नेव्हिलचा पाय कापावा लागला. वर्तमानपत्रांत केलचं नाव आलं, क्लबकडे संतापाच्या पत्रांचा ढीग आला, आणि पुढच्या हंगामात इंग्लंडातल्या एकाही क्लबने त्याला बोलावलं नाही. अठ्ठावीस वर्षांचा तो उमदा स्वार ऑस्ट्रेलियातच मेंढ्या हाकत राहिला. रे आणि हेझल आज बोलू, उद्या बोलू करत राहिले. बोललेच नाहीत. हा भित्रेपणा होता आणि हेझलला तो रोज ठाऊक होता. शेवटच्या आजारात रेने दोनदा "केल" म्हटलं होतं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"सातवी शर्यत!" टेरी पुकारत होता. पेन्सिली खरखरत होत्या. हेझलने छायाप्रत बाजूला सारली आणि आपला जुना प्रोग्रॅमच समोर उघडून ठेवला. आठवी झाली.

"नववी शर्यत. लाल, रे थर्लबी. निळा, केल ब्रॅनिगन. पांढरा, नेव्हिल स्टब्ज..."

हेझलने शेजारी बसलेल्या केलकडे पाहिलं. टेरीने निकाल सांगायच्या आधीच केलने पेन्सिल उचलली होती, आणि स्वतःच्या नावापुढे त्याने शांतपणे, ठसठशीत फुली काढली. मग पेन्सिल प्रोग्रॅमच्या घडीत ठेवून दिली. शेहेचाळीस वर्षांत त्याला ती फुली सवयीची झाली होती.

"थांब टेरी," नेव्हिल काठीवर भार देत उठला. "निकाल मला माहितीये. ब्रॅनिगन, दरवर्षी नाताळात तू मला कार्ड पाठवतोस. मी एकही उघडलं नाही. सगळी परत पाठवली. मला एवढंच सांग, तू आत घुसलास तेव्हा मी तिथे आहे हे तुला दिसलं होतं की नाही?"

केल उठला. "रेफ्रीने निर्णय दिलाय, नेव्हिल. तोच शेवटचा."

"रेफ्री गेला खड्ड्यात! मी तुला विचारतोय. दिसलो होतो की नाही?"

केलने त्या वळणावर नेव्हिलला पाहिलंच नव्हतं, तो स्वतः दोन मोटारसायकलींच्या अंतराने मागे होता. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे उत्तर दे की, कांगारू!" केलची मान खाली गेली.

भिंतीशी ज्युली दोरी हातात धरून उभी होती. नवीन ड्रेस, डोळ्यांत बापाचा अभिमान. हेझलने तिच्याकडे एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं तर उठवणार नाही, हे तिला कळलं, आणि ती उठली.

"प्रोग्रॅम चुकलाय, टेरी."

"माझा प्रोग्रॅम?" टेरी दुखावला. "शक्यच नाही. मी स्वतः—"

"सगळ्यांचाच. निळी टोपी रेच्या डोक्यावर होती. मी चढवली होती, माझ्या हाताने, चुकून. आत घुसला तो रे. केल मागे होता."

"खाली बस, हेझल," केल म्हणाला.

"नाही बसणार! तुझं ऐकलं तेव्हाच चुकलं. आम्हाला माहीत होतं, नेव्हिल. रेला आणि मला. पहिल्या दिवसापासून."

"आई!" ज्युली ओरडली. "काय बोलतेयस तू? बाबांबद्दल?"

"खरं बोलतेय. उशिरा बोलतेय."

ज्युलीच्या हातातली दोरी सुटली. पडदा जागचा हलला नाही. ती दारापर्यंत गेली, तिथेच थांबली, आईकडे पाठ करून. हेझलला तिच्यामागे धावत जावंसं वाटलं, पण ती टेबलाशीच उभी राहिली.

नेव्हिल केलकडे वळला. मग त्याने खरखरीत आवाजात विचारलं, "मग त्या कार्डांत लिहायचास काय रे, गाढवा?"

"पाऊस किती झाला ते," केल म्हणाला. "मेंढ्या किती झाल्या. आणि पाय दुखतो का, असं."

नेव्हिलचा चेहरा वेडावाकडा झाला. तो धपकन खाली बसला, खिशातून खोडरबर काढून आपल्या प्रोग्रॅममध्ये आधीच मारून ठेवलेली केलपुढची फुली घासायला लागला. कागद फाटेस्तोवर घासत राहिला. एकेक करत बाकीच्या माना आपापल्या प्रोग्रॅमवर झुकल्या.

टेरी माइक धरून तसाच उभा होता. "हेझल," तो अखेर म्हणाला, "मग... निकाल काय पुकारू?"

हेझलने समोरचा जुना, पिवळा पडलेला प्रोग्रॅम जवळ ओढला. केलने न बोलता आपली पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. रेचं नाव तिने एकदा बोटाने चाचपलं. मग त्याच्यापुढे, शेहेचाळीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या चौकोनात, तिने फुली काढली.

"लाल नाही, निळा म्हण," ती म्हणाली. "रे थर्लबी. बाद."