दहावा तांबडा ठिपका

“नाथा पंढरी! ...अरे, नाथा पंढरी आला नाही?”

हा पुकारा ऐकून किती वर्षं लोटली, मित्रांनो! तरी आठवला की माझी पानं थरथरतात. ठाण्यातल्या एका मराठी शाळेचा मी हजेरीपट. आगगाडी गावात येऊन तेव्हा पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. जाड बदामी कागद, त्यावर आखलेल्या रेघा, पाठीला दोऱ्याची शिवण, अंगावर निळं कापड. पहिल्या दिवशी श्रीपाद मास्तरांनी मला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा मी फुलून गेलो होतो.

हजर मुलाच्या नावापुढे काळी रेघ, उशिरा येणाऱ्यापुढे तांबडा ठिपका. ठिपक्यामागे दोन छड्या. दहा ठिपके झाले की नाव कमी. तारखा इंग्रजी लिहायच्या, असा वरून हुकूम होता. तपासणीला आलेले साहेब माझी पानं चाळून म्हणाले, “पट कसा आरशासारखा आहे!” मी ते खरं मानलं.

नाथा मिठागरावरचा. बाप नव्हता, आई बायजा आणि तो, दोघांनी बांध सांभाळायचा. पोर हुशार. चौथीची परीक्षा महिन्यावर आली होती आणि त्याच्या नावापुढे नऊ ठिपके होते. भरती चढे, ओहोटी उतरे. माझ्यावरचा ठिपका मात्र एकदा वाळला की उठत नसे.

त्या दिवशी घंटा होऊन गेल्यावर नाथा दारात आला. गुडघ्यापर्यंत चिखल. त्याच्या मागे बायजा, तिच्याही पायांना तोच चिखल. मास्तरांनी टाक तांबड्या शाईत बुडवला.

“थांबा मास्तर,” बायजा म्हणाली. “आदी मना सांगा, ह्यो कंच्या कंच्या दिसाला उशिरा आला?”

मास्तरांनी तारखा वाचल्या.

“ह्या सायबाच्या तारखा मना नाय कलत. पंचांग काढा.”

पोरं खुदखुदली. मागून कोणी म्हणालं, “आता बायजाबाई शाळा घेणार!” पण मास्तरांनी फळीवरचं पंचांग काढलं. त्यांचं बोट माझ्यावरून पंचांगावर, पंचांगावरून माझ्यावर फिरू लागलं. तेरस. चौदस. पुन्हा तेरस. पुन्हा चौदस. नऊच्या नऊ ठिपके तसेच निघाले.

“आज कोन तिथ हाय?” बायजानं विचारलं.

“चौदस,” मास्तर हळूच म्हणाले.

“अवस-पुनव जवल आली की उधान येतं, ते पानी ह्याच दिसांला मिठाच्या आगरात घ्याचं असतं. तुमच्या घंटेच्या टायमालाच भरती येते. म्यां एकली पान्याचं दार उघडू का बांध धरू? पानी हुकलं तर मीठ कशाचं पिकंल? पोर लोलत नाय पडत, मास्तर. कामावरना धावत येतो.”

मित्रांनो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. नऊ ठिपके मी अंगावर वागवले, पण त्यांच्यातला चंद्र मला दिसला नव्हता. आज मी कपाटाच्या तळाशी पडून आहे. कसर मला खाते आहे, त्याचं दुःख नाही. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती असा पट आला, तर ठिपका देण्याआधी एवढं विचारा, “का रे बाळ, उशीर का झाला?” आणि उत्तर येईपर्यंत टाक खाली ठेवा. मला ते विचारता आलं नाही, मला तोंड नव्हतं.

मास्तरांना होतं. पण ते म्हणाले, “बाई, तुमचं खरं असेल. पण नियम सगळ्यांना सारखा. आज सूट दिली तर उद्या वर्ग कोण आवरणार?”

बायजा हलली नाही. “मंग मी इथंच उबी ऱ्हाते. नाव कापा माज्यासमोर.”

टाकाच्या टोकाशी थेंब जमला. नाथानं छडीसाठी हात आधीच पुढे केला होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतला मधु उठला. मधु हा मास्तरांचा मुलगा. शाळेत वडिलांना ‘नाना’ नाही, ‘मास्तर’च म्हणायचं, अशी त्याला ताकीद होती.

“बस खाली,” मास्तर म्हणाले.

तो बसला नाही. कान लालबुंद झाले होते, पण आवाज ठाम होता.

“नाना, नियम सारखा नाही. मी अंथरुणात लोळत पडतो, मग उशिरा येतो. मी आत शिरलो की तुम्ही फळ्याकडे तोंड करता आणि पटावर काळी रेघ ओढता. खरे ठिपके दिले असते तर माझे दहाच्या वर गेले असते, नाना. आधी माझं नाव कापा.”